सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे वाटणी झाली असे नाही

प्रति,
माननीय संपादक,

स. न. वि. वि.

मयत खातेदारांच्या जागी त्यांच्या वारसांची नावे लावण्यासाठी महसूल खात्याने २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यापासून ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू केली आणि १ एप्रिलपासून ती राज्यभर राबवली, ही अत्यंत आवश्यक गोष्ट झाली, हे आरंभीच नमूद करतो. आजोबांच्या नावावर राहिलेल्या जमिनीवर नातवाला पीककर्ज मिळत नाही, भूसंपादनाचा मोबदला अडकतो, नुकसानभरपाई खात्यावर येत नाही, आणि या अडचणी गावोगाव होत्या. परंतु तालुक्याच्या न्यायालयात दिवाणी कामे करताना, या मोहिमेनंतर येणाऱ्या पक्षकारांच्या बोलण्यात एक समजूत मला सातत्याने आढळते, आणि तिच्यामुळे पुढच्या दहा वर्षांत घराघरांत तंटे उभे राहतील अशी मला भीती वाटते. वारसांची नावे सातबाऱ्यावर लागली म्हणजे वाटणी झाली, ज्याचे नाव लागले तो मालक झाला आणि ज्याचे राहिले त्याचा हक्क संपला, अशी ती समजूत आहे. या तिन्ही गोष्टी कायद्याला धरून नाहीत, आणि हे सर्वसामान्य वाचकाला समजेल अशा शब्दांत सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, तरी विषयाचे महत्त्व ओळखून आपण ते प्रसिद्ध कराल अशी आशा आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे जमिनीत हक्क मिळवणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत त्याची खबर तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, द्यावयाची असते. वारसांची नोंद प्रथम गाव नमुना ६-क मध्ये, नंतर फेरफाराच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये होते, हितसंबंधितांना नोटीस निघते, आणि हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. शेतसारा कोणाकडून वसूल करायचा आणि शासनाने जमिनीबाबत कोणाशी व्यवहार करायचा, हे ठरवण्यासाठी ही सारी व्यवस्था आहे. संहितेचे कलम १५७ एवढेच सांगते की, अशी नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाईल. फेरफाराच्या नोंदीने मालकी हक्क निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या बलवंत सिंग प्रकरणापासून २०२१ च्या जितेंद्र सिंग प्रकरणापर्यंत पुन्हा पुन्हा सांगितले आहे. म्हणून चार भावंडांपैकी दोघांचीच नावे लागली असतील, तर उरलेल्या दोघांचा हक्क जागेवरच असतो, आणि चौघांची लागली असतील तर ती सामाईक खातेदार म्हणून लागलेली असतात. कोणत्या बांधापर्यंत कोणाचे, हे त्या नोंदीतून ठरत नाही.

ते ठरते वाटपाने. सर्व सहधारक सहमत असतील तर संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून सरसनिरस, म्हणजे जमिनीची प्रत पाहून, वाटप करून घेता येते, किंवा वाटणीपत्र करून ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवता येते. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक शुल्क अवघे १०० रुपये आहे आणि त्यावरील नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये घेतला. खर्च इतका कमी झालेला असताना, आपसांत तोंडी वाटप करून तीस वर्षे आपापल्या तुकड्याची वहिवाट करत राहायचे आणि कागद पुढच्या पिढीवर सोडायचा, याला आता कोणतेही समर्थन उरलेले नाही. तोंडी वाटप कायद्याने निरर्थक आहे असे मी म्हणत नाही. कुटुंबात आधी झालेल्या समझोत्याची केवळ आठवण म्हणून केलेल्या लेखाला नोंदणी लागत नाही, हे १९७६ च्या काले प्रकरणात स्पष्ट झाले आहे. पण तो समझोता कधी झाला, कोणासमोर झाला आणि कशाच्या बदल्यात झाला, हे सांगणारी माणसे काळाबरोबर निघून जातात, आणि मग त्याच बांधावर चुलतभाऊ समोरासमोर उभे राहतात. ज्या लेखानेच हक्क निर्माण होतो वा सोडला जातो, तो मात्र नोंदवावाच लागतो, ही सीमारेषा लक्षात ठेवली पाहिजे.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लेखणी उचलली, त्या हक्कसोडपत्राकडे येतो. वडील गेल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत बहिणींना माहेरी बोलावून घेतले जाते, तालुक्याला नेले जाते, दुय्यम निबंधकासमोर अंगठा आणि छायाचित्र होते, साडीचोळी होते, आणि बहीण संध्याकाळच्या गाडीने सासरी परत जाते. आपण नेमके काय सोडले, किती क्षेत्र होते, त्याची किंमत काय होती, त्यात हमरस्त्यालगतचा गट होता की डोंगराकडचा, हे बहुतेक बहिणींना माहीत नसते, आणि विचारणे म्हणजे भावावर अविश्वास दाखवणे असे त्यांना वाटते. माझे म्हणणे बहिणींनी हक्क सोडूच नये असे नाही. आईवडिलांना अखेरपर्यंत सांभाळणाऱ्या, अडीच एकरांत संसार ओढणाऱ्या भावाला स्वखुशीने आपला हिस्सा देणारी बहीण मी पाहिली आहे आणि तिच्या निर्णयाबद्दल मला आदर आहे. पण तो निर्णय तिने समजून घेतलेला असला पाहिजे, आणि आज आपल्याकडे तो तसा होत नाही.

या बाबतीत कायदा कोठे उभा आहे, हे थोडक्यात सांगतो. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क देण्याचे पाऊल महाराष्ट्राने देशाच्या आधी, २२ जून १९९४ पासून उचलले होते, परंतु त्या दिवसापूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या गेल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या, हिंदू उत्तराधिकार कायद्यातील केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद काढून टाकला. वडील त्या दिवशी हयात असले पाहिजेत की नाही, यावर पंधरा वर्षे उलटसुलट निकाल झाले, आणि अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हक्क जन्माने मिळतो, त्यामुळे वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्या मात्र अबाधित राहतात. त्याच निकालात असेही म्हटले आहे की, मुलींना डावलण्यासाठी पुढे केलेली तोंडी वाटपाची सबब सहजासहजी मान्य करता येणार नाही, तिला सार्वजनिक कागदपत्रांचा आधार हवा.

दुसरा भाग याहून कमी लोकांना माहीत आहे. वडिलांनी स्वकष्टाने घेतलेली मालमत्ता असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे ती विधवा, मुलगे, मुली आणि मृताची आई यांच्यात सारखी वाटली जाते. यातली आई हमखास विसरली जाते. तरुण मुलगा अपघातात गेला, सून आणि नातवंडांची नावे लागली, आणि म्हातारी आई, जी पहिल्या वर्गाची वारस आहे, तिचे नाव कोणी सांगितलेच नाही, असे फेरफार कोणत्याही गावात सापडतील. त्याचप्रमाणे ‘वडिलोपार्जित’ या शब्दाचा आधार घेऊन मुलगा बापाला आव्हान देतो, तेव्हा एक गोष्ट पाहावी लागते. १९५६ नंतर वडिलांकडून कलम ८ खाली वारसाने आलेला हिस्सा हा त्या माणसाचा स्वतःचा असतो, त्यात त्याच्या मुलांना जन्मतः हक्क मिळत नाही, हे चंदर सेन प्रकरणात १९८६ मध्येच ठरले आहे. प्रत्येक आजोबांची जमीन कायद्याच्या अर्थाने वडिलोपार्जित नसते, आणि या एका मुद्द्यावर कित्येक दावे वर्षानुवर्षे चालून शेवटी फेटाळले जातात.

जुन्या फेरफारांबद्दलही सांगायला हवे. बहिणींची नावे कब्जेदार सदरी न लावता ‘इतर हक्क’ या सदरात टाकण्याची पद्धत आपल्याकडे दीर्घकाळ होती, आणि पुढे कधीतरी ‘बहिणींनी हक्क सोडल्याचा जबाब दिला’ एवढ्या एका ओळीवर ती नावे तेथूनही कमी झाली. तलाठ्यासमोर दिलेल्या अशा साध्या जबाबाने स्थावर मालमत्तेतील हक्क जात नाही, कारण हक्क सोडण्याच्या लेखाला नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम १७ प्रमाणे नोंदणी सक्तीची आहे. मात्र नोंदणीकृत हक्कसोडपत्र झाले असेल, तर ते फसवणुकीने झाले हे सिद्ध करण्याचा भार बहिणीवर येतो आणि फसवणूक समजल्यापासून तीन वर्षांतच दावा लावावा लागतो. भावाने ‘बारा वर्षे माझीच वहिवाट आहे’ असे म्हटल्याने मात्र बहिणीचा हक्क आपोआप संपत नाही. सहहिस्सेदाराचा ताबा हा सर्वांच्या वतीने असतो असे कायदा मानतो, आणि तिचा हक्क उघडपणे नाकारून तिला वगळल्याचे दाखवल्याखेरीज बारा वर्षांचा तो हिशेब सुरूच होत नाही.

शहरातील वाचकांना हा प्रश्न खेड्यापुरता वाटत असेल, तर त्यांनी आपल्या सदनिकेचा नामनिर्देशनाचा अर्ज काढून पाहावा. सातबाऱ्यावरील नावाबद्दल खेड्यात जी समजूत आहे, तीच शहरात नॉमिनीबद्दल आहे. गृहनिर्माण संस्थेत वडिलांनी थोरल्या मुलाचे नामनिर्देशन केले, म्हणून सदनिका त्याची झाली, असे तो समजतो आणि बऱ्याचदा संस्थेची कार्यकारिणीही समजते. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १५४ब-१३ ने हे पुरेसे स्पष्ट केले आहे की, वारस अभिलेखावर येईपर्यंत नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरता सभासद म्हणून घेता येते. खरा हक्क मृत्युपत्राने, वारसा प्रमाणपत्राने किंवा हक्कदारांनी मिळून केलेल्या कौटुंबिक व्यवस्थेने ठरतो. शेअर आणि म्युच्युअल फंडाबाबतची शंका शक्ती यझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या मुंबईतल्या प्रकरणात १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दूर केली आणि नॉमिनी हा वारसांसाठी रक्कम सांभाळणारा असतो, मालक नव्हे, असे सांगितले. बँकेतील ठेवींचेही तेच आहे, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीसाठी चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येत असले, तरी त्यामुळे या तत्त्वात फरक पडलेला नाही. आयुर्विम्यात तेवढा वेगळा विचार आहे: २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती वा पत्नी आणि मुले यांना नॉमिनी केले असल्यास विमा कायदा त्यांना लाभार्थी मानतो. म्हणजे एकाच माणसाच्या मृत्यूनंतर विम्याच्या रकमेला एक नियम आणि मुदतठेवीला दुसरा. वाचकाने गोंधळून जावे अशीच ही स्थिती आहे, आणि म्हणूनच आपली इच्छा मृत्युपत्रात स्वच्छ लिहिणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय आहे.

मृत्युपत्र म्हटले की घरात अभद्र बोलल्यासारखे वाटते, आणि लोक ते रुग्णालयात दाखल होईपर्यंत पुढे ढकलतात. वास्तविक त्याला मुद्रांक लागत नाही, ते साध्या कागदावर, स्वतःच्या हातानेही लिहिता येते, आणि नोंदणीही ऐच्छिक आहे. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ ची अट एवढीच आहे की, करणाऱ्याने सही वा अंगठा करावा आणि किमान दोन साक्षीदारांनी, त्याला सही करताना पाहून किंवा ही माझीच सही आहे असे त्याच्या तोंडून ऐकून, त्याच्या समक्ष साक्ष घालावी. साक्षीदारांना आतला मजकूर माहीत असण्याची गरज नाही. ते मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयाने लहान असावेत, गावातच राहणारे असावेत आणि मृत्युपत्रात ज्यांना काही मिळते आहे त्यांपैकी नसावेत, एवढे पाहावे. पुढे न्यायालयात किमान एका साक्षीदाराला उभे राहून सांगावे लागते, आणि अनेक खरीखुरी मृत्युपत्रे केवळ साक्षीदार हयात वा उपलब्ध नसल्यामुळे अडचणीत येतात. एका मुलाला सर्व देऊन दुसऱ्याला काहीच द्यायचे नसेल, तर त्याचे कारण दोन ओळींत लिहावे, कारण न दिसणाऱ्या कारणाची जागा संशय घेतो. ज्याला लाभ होतो त्यानेच वकील आणला, त्यानेच मसुदा केला, त्यानेच म्हाताऱ्यांना गाडीत घालून नेले, असे दिसले की न्यायालय त्या मृत्युपत्राकडे सावधपणे पाहते, आणि १९५९ च्या वेंकटाचल अय्यंगार प्रकरणापासून हीच कसोटी लागू आहे. वय झाले असेल तर त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडलेला बरा. मुंबई शहराबाहेर केलेल्या आणि मुंबईतील स्थावर मालमत्तेशी संबंध नसलेल्या मृत्युपत्राला प्रोबेटची, म्हणजे ते न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याची, सक्ती पूर्वीही नव्हती, आणि मुंबईपुरती असलेली सक्तीही संसदेने २०२५ च्या अखेरीस काढून टाकली. हे मुद्दाम सांगतो, कारण प्रोबेटच्या खर्चाच्या भीतीने मृत्युपत्र टाळणारे लोक मला भेटतात.

मृत्युपत्राने काय देता येत नाही, हेही जाणून घ्यावे. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत करणाऱ्याचा स्वतःचा जेवढा हिस्सा, तेवढाच त्याला देता येतो. मुस्लिम वाचकांना त्यांच्या कायद्याप्रमाणे साधारणतः एक तृतीयांशापलीकडे वारसांच्या संमतीवाचून देता येत नाही. गोव्यातील मराठी वाचकांची स्थिती तर पूर्णतः वेगळी आहे: तेथे २०१२ च्या उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलांसाठी निम्मी मालमत्ता राखीव असते, आणि लग्नानंतर पतिपत्नीची मालमत्ता सामान्यतः सामाईक होते, म्हणून पुण्यातल्या नातेवाइकाचा मसुदा उतरवून तेथे चालत नाही. आणि बाजारपेठेत भाड्याच्या किंवा पागडीच्या दुकानावर ज्यांचा संसार उभा आहे, त्यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे की, भाडेकरूचा हक्क मृत्युपत्राने वाटेल त्याला देता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत त्या जागेत व्यवसाय करणाऱ्या कुटुंबीयाला तो हक्क मिळतो, आणि असा कोणी नसेल तरच वारसांचा प्रश्न येतो. गल्ल्यावर बसणारा मुलगा आणि नोकरीनिमित्त परगावी गेलेला मुलगा यांच्यातील वाद अनेकदा याच एका तरतुदीवर सुटतो किंवा चिघळतो.

दुकानाचा विषय निघालाच आहे, तर भागीदारीविषयीही लिहितो. आपल्या पेठांमधून भाऊ-भाऊ, मेहुणे-मेहुणे किंवा दोन मित्र पन्नास-पन्नास टक्क्यांनी धंदा सुरू करतात, पहिली काही वर्षे उत्तम जातात, आणि लेखी करार म्हणजे कर सल्लागाराने नेहमीच्या साच्यात भरून दिलेली चार पाने. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ प्रमाणे, करारात वेगळे ठरलेले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. आणि भागीदार दोघेच असतील तर करारात काहीही लिहिले असले तरी ती संपते, कारण एकट्याची भागीदारी असू शकत नाही. मग गेलेल्याची विधवा हिशेब मागते, उरलेला भागीदार त्याच गाळ्यात, त्याच नावाने, त्याच गिऱ्हाइकांच्या जोरावर धंदा पुढे चालवतो, आणि ‘भावजी गेले, आता तुमचा काय संबंध’ असे तिला सांगितले जाते. कायदा तसे म्हणत नाही. हिशेब न चुकवता धंदा चालू ठेवल्यास कलम ३७ प्रमाणे गेलेल्या भागीदाराच्या वारसांना त्यांच्या भांडवलातून मिळालेल्या नफ्याचा वाटा किंवा सालीना सहा टक्के व्याज यांपैकी एक निवडून मागता येते. पण विसर्जनानंतर तीन वर्षांत दावा लावला नाही, तर हिशेब मागण्याचा मार्ग बंद होतो, आणि सुतक, वर्षश्राद्ध, मुलांच्या शाळा यांत ती तीन वर्षे कशी निघून जातात हे त्या घरालाच ठाऊक. पेढी नोंदलेली नसेल तर बाहेरच्या गिऱ्हाइकावर कराराच्या आधारे वसुलीचा दावा पेढीला लावता येत नाही, ही वेगळीच अडचण. नोंदणी नसलेल्या पेढीच्या भागीदाराला विसर्जनाचा आणि हिशेबाचा दावाही लावता येऊ नये, अशी दुरुस्ती महाराष्ट्राने १९८४ मध्ये केली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घटनाबाह्य ठरवली, आणि तरीही तिचा धाक दाखवून आजही लोकांना परत पाठवले जाते. करारात भागीदाराच्या मृत्यूनंतर हिश्श्याचे मूल्य कसे काढायचे, पैसे किती हप्त्यांत द्यायचे, गाळा कोणाच्या मालकीचा आणि पेढीचे नाव कोणी वापरायचे, एवढे चार मुद्दे लिहिलेले असले, तरी बहुतेक वाद न्यायालयापर्यंत येणार नाहीत.

हयातीतच मालमत्ता देऊन टाकणाऱ्या वडीलधाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा विधवा सून यांना बक्षीसपत्राने दिल्यास मुद्रांक शुल्क २०० रुपयेच आहे, आणि स्वस्त पडते म्हणून लोक घाईने बक्षीसपत्र करतात. मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येते, नोंदवलेले बक्षीसपत्र मात्र नुसते मन बदलले म्हणून रद्द होत नाही. द्यायचेच असेल, तर ‘हयातभर राहण्याचा हक्क राखून आणि माझे व माझ्या पत्नीचे पालनपोषण करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तात घालून घ्यावेत. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचे कलम २३ अशा अटीवर उभे आहे, आणि ती मोडल्यास उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकते. २ जानेवारी २०२५ च्या उर्मिला दीक्षित निकालात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा उदारपणे अर्थ लावला आणि ताबा परत देण्याचा अधिकारही मान्य केला, परंतु त्या निकालातही अटीचा लेख होता, हे विसरू नये. कुलमुखत्यारपत्राबद्दल एवढेच की, ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर सामान्यतः संपते आणि त्याने मालकी जात नाही. परदेशी असलेल्या मुलाने तेथून करून पाठवलेल्या मुखत्यारपत्राला ते राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावून घ्यावा लागतो, नाही तर ऐन व्यवहाराच्या दिवशी दस्त अडतो.

तंटा झालाच, तर दाव्याचा मार्ग किती लांब आहे याची कल्पना वाचकांना असावी. वाटपाच्या दाव्यात न्यायालय आधी हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा करते. शेतजमीन असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे प्रत्यक्ष वाटपासाठी प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, तेथून तहसीलदारांकडे, तेथून मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडे, आणि प्रत्येक टप्प्यावर अपील आहे. दावा जिंकलेला माणूस बांधावर उभा राहण्यापूर्वीच मरण पावला आणि त्याच्या वारसांची नावे पुन्हा दाव्यात लावावी लागली, हे आमच्या न्यायालयात नवल नाही. म्हणून लोकअदालतीत किंवा मध्यस्थीत झालेली तडजोड, जिच्यावर अपील नाही आणि लोकअदालतीत भरलेले न्यायालय शुल्कही परत मिळते, ती कमीपणाची मानू नये. तीन लाख रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या व्यापारी वादात, तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल, तर दाव्यापूर्वी मध्यस्थीचा प्रयत्न करणे सक्तीचेच आहे, आणि भागीदारीचे वाद त्यात मोडतात.

या पार्श्वभूमीवर शासनाकडे माझ्या दोन मागण्या आहेत आणि त्या आपल्या वृत्तपत्राने लावून धराव्यात. पहिली अशी की, वारस फेरफाराच्या प्रत्येक नोटिशीवर ‘या नोंदीने मालकी ठरत नाही व वाटप होत नाही, नाव राहिलेल्या वारसाचा हक्क संपत नाही’ हे वाक्य ठळक अक्षरांत छापावे. यासाठी कायदा बदलावा लागत नाही आणि खर्चही येत नाही. दुसरी मागणी हक्कसोडपत्राची. नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधक एवढेच विचारतो की, हा दस्त तुम्हीच करून दिला का, आणि बहीण मान हलवते. सोडल्या जाणाऱ्या प्रत्येक गटाचा क्रमांक, क्षेत्र, तिचा त्यातील हिस्सा आणि शासनाच्या वार्षिक दरपत्रकाप्रमाणे त्याची किंमत दाखवणारे एक पान दस्ताला सक्तीने जोडावे, ते विधी सेवा समितीच्या वकिलाने भाऊ आणि मेहुणे बाहेर असताना तिला वाचून दाखवावे, आणि मगच दस्त नोंदवावा. यामुळे फार तर अर्धा तास अधिक लागेल, आणि ज्या बहिणीला खरोखरच द्यायचे आहे ती त्यानंतरही देईल, शिवाय भावालाही पुढे कोणी आव्हान देणार नाही असा दस्त मिळेल.

तोपर्यंत, ज्या भगिनींना आपल्या माहेरच्या जमिनीचे काय झाले हे पाहायचे आहे, त्यांनी गावाचे नाव आणि गट क्रमांक घेऊन तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून १९५६ पासूनच्या फेरफारांच्या नकला मागवाव्यात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची कोणतीही मर्यादा न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा अर्ज साध्या कागदावर करता येतो आणि तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारातच असते.

आपला विश्वासू,
दिवाणी न्यायालयात वकिली करणारा एक वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)
जि. सातारा